अंगावरून गेलेले वारे आणि हरवलेली आठवण

मराठी भाषेत एखाद्या माणसाचे अर्धे अंग एकाएकी लुळे पडले म्हणजे ‘त्याच्या अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. पुस्तकी भाषेत यालाच अर्धांगवायू किंवा पक्षाघात म्हणतात. उलटपक्षी म्हातारा माणूस कालची गोष्ट आज विसरू लागला, सुनेस मुलगी समजू लागला, भल्या पहाटे उठून कोठे तरी निघून जाऊ लागला, तर त्यास रोगाचे नाव सहसा मिळत नसे. ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीवर विषय संपे. फार झाले तर ‘म्हातारचळ’ हा शब्द, आणि तोही थोडा हसत, उच्चारला जाई. भाषेने केलेला हा भेद वरवरचा नाही. वारे गेलेल्या माणसासाठी वैद्य बोलावला जात असे, तेलाचे मर्दन होत असे, घर जागे राहत असे. चळलेल्या म्हाताऱ्यास ओसरीचा एक कोपरा मिळे. एक रोग मानला गेला, दुसरे वय मानले गेले. परंतु हे दोन्ही विकार एकाच देहात एकत्र आले म्हणजे काय होते, हा प्रश्न मात्र फार उशिरा, म्हणजे गेल्या पन्नास वर्षांत, वैद्यकाने नीट हाती घेतला.

कोल्हापूरच्या आग्नेयेस, करवीर तालुक्यात, गडमुडशिंगी नावाचे गाव आहे. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत १९३९ साली सुरू झालेला विमानतळ याच गावाच्या शेजारी. एका बाजूस गांधीनगरची मोठी कापडपेठ आहे. त्याच परिसरात, वळिवडे येथे, १९४३ ते १९४८ या काळात युद्धाने बेघर झालेल्या सुमारे पाच हजार पोलिश स्त्रिया, मुले व वृद्ध यांची छावणी होती. ते लोक गेल्यावर त्या जागी सिंधी निर्वासित आले व त्यांनी पेठ उभी केली. दुसऱ्या बाजूस गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. म्हणजे गाव शेतीचे, पण तरुण मंडळींचा दिवस कारखान्यात किंवा दुकानात जाणारा. अशा गावात दुपारच्या वेळी घरी कोण असते, हे ध्यानात ठेवले तर पुढील हकीकतीचे मर्म लवकर कळेल.

अर्धांगवायूची ओळख आपल्या वैद्यकास फार जुनी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा एक स्वतंत्र अध्याय आहे व त्यात अर्धे अंग निकामी होण्याचे आणि तोंड वाकडे होण्याचे वर्णन येते. पहिल्यास पक्षवध म्हटले आहे, दुसऱ्यास अर्दित. कुपित झालेला वायू हे कारण मानल्यामुळे स्नेहन, स्वेदन, मर्दन असे उपचार सांगितले गेले. यूरोपातही समजूत फारशी निराळी नव्हती. तेथे या आघातास जे ग्रीक नाव होते त्याचा अर्थ ‘तडाखा बसून खाली पडणे’ असाच होता, आणि उपाय म्हणून शीर तोडून रक्त काढीत. १६५८ साली स्वित्झर्लंडातील शाफहाउझेन गावच्या योहान वेप्फर नामक वैद्याने या आघाताने मेलेल्या माणसांच्या मेंदूंची चिरफाड करून पाहिलेली हकीकत छापली. काहींच्या मेंदूत फुटलेल्या वाहिनीतून रक्त सांडले होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मनीत रुडॉल्फ व्हिर्शो याने रक्ताची गुठळी वाहिनीत कशी धरते व प्रवाहाबरोबर दूर जाऊन दुसरी वाहिनी कशी तुंबवते, ते उलगडून दाखविले. तेव्हापासून हे दोन प्रकार स्पष्ट झाले: वाहिनी फुटणे आणि वाहिनी तुंबणे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि दोहोंचा उपाय अगदी परस्परविरुद्ध आहे. ही अडचण पुढे सव्वाशे वर्षे टिकली.

हे ज्ञान करवीर संस्थानात पोहोचले ते इस्पितळाच्या रूपाने. इंग्लंडचा युवराज आल्बर्ट एडवर्ड याच्या नावाने कोल्हापुरात जे इस्पितळ उभे राहिले, त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट याचा. कोल्हापूरचा टाऊन हॉल व नवा राजवाडा हेही त्याचेच. देशी घुमट आणि विलायती कमानी यांचा मेळ घालणारा हा बुद्धिमान स्थापत्यविशारद अखेरीस बुद्धिभ्रंश होऊन १८८१ साली वारला. आपण योजिलेल्या इमारती कोसळतील या धास्तीने त्यास ग्रासले होते, असे सांगतात. इमारती मात्र आजही उभ्या आहेत. त्यांतील ते इस्पितळ म्हणजेच पुढे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झाले. कोल्हापूरकर त्यास ‘सीपीआर’ या तीन अक्षरांनी ओळखतात, आणि राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास ते जोडलेले आहे.

जुन्या इस्पितळांत वारे गेलेल्या रोग्यासाठी फारसे काही होण्यासारखे नव्हते. खाट, स्वच्छता, कूस बदलणे, ज्वर आला तर औषध, एवढेच. १८९१ साली कोल्हापूर-मिरज लोहमार्ग सुरू झाला आणि १८९४ साली डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेस मिशनचे इस्पितळ बांधले. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रातील रोग्यांचा ओघ मिरजेकडे वळला. तथापि वॉनलेस यांची कीर्ती शस्त्रक्रियेची होती. कापून बरे करता येईल असा रोग त्या काळी भाग्याचा समजला जाई. अर्धांगवायू तसा नव्हता.

बुद्धी गेलेल्या माणसाचे काय होत असे, याचे एक दुःखद उदाहरण खुद्द करवीरच्या गादीवरचे आहे. १८७१ साली दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे झाले आहेत असे सरकारने ठरविले. ते खरोखर वेडे होते किंवा नाही यावर त्या काळी मोठा वाद माजला. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांस १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले, हे सर्वश्रुत आहे. महाराजांस अहमदनगरास ठेवण्यात आले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांच्यावर देखरेखीस नेमलेल्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय अवघे विसाचे. त्यांचा विकार म्हातारपणाचा नव्हता हे उघड आहे, आणि राजकारणाचा भाग त्यात किती हा इतिहासकारांचा विषय आहे. परंतु एक गोष्ट त्या प्रकरणात लख्ख दिसते. माणसाची बुद्धी गेली असे एकदा लिहून ठेवले की त्याचा स्वतःचा शब्द कोणी जमेस धरीत नाही. मग तो छत्रपती का असेना!

१८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या इस्पितळांची व्यवस्था झाली. मुंबई इलाख्यात रत्नागिरी, येरवडे, ठाणे येथे ती निघाली. १९१२ साली नवा कायदा आला. या सर्व व्यवस्थेचा भर बंदोबस्तावर होता. विसराळू म्हातारा कोणास इजा करीत नसल्यामुळे त्यास तेथे पाठविण्याचे कारण पडत नसे. तो घरीच राही, आणि घरात असल्यामुळे कोणत्याही डॉक्टरच्या वहीत त्याची नोंद होत नसे.

ती नोंद प्रथम नीट झाली जर्मनीत. १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. आलोइस अल्झायमर हा डॉक्टर तिच्याशी झालेली प्रश्नोत्तरे लिहून ठेवी. नवऱ्याचे नाव विचारले तर तिने स्वतःचेच नाव सांगितले. जेवणात फुलकोबी व मांस खात असता काय खाता असे विचारले तर ‘पालक’ म्हणाली. १९०६ साली ती वारल्यावर अल्झायमरने तिच्या मेंदूचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण केले व त्यात आढळलेल्या गाठी आणि पुटे यांचे वर्णन त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथे विद्वानांपुढे वाचले. श्रोत्यांना त्यात विशेष रस वाटला नाही. १९१० साली क्रेपेलिनने या विकारास अल्झायमरचे नाव दिले, पण त्यामुळे एक विलक्षण गैरसमज रूढ झाला. हा रोग मध्यम वयाचा, दुर्मीळ, असे मानले गेले. म्हाताऱ्यांच्या विस्मरणाचे खापर रक्तवाहिन्या कठीण झाल्या यावर फोडण्यात आले. अर्धशतकाहून अधिक काळ विद्वानांची ‘साठी बुद्धी नाठी’ हीच राहिली. फक्त तिला शास्त्रीय पोशाख मिळाला.

१९६८ साली इंग्लंडात न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंचे परीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा पुष्कळ म्हाताऱ्यांत तीच अल्झायमरची पुटे निघाली. १९७४ साली हाचिन्स्की व त्याच्या सहकाऱ्यांनी दुसरी बाजू मांडली. वाहिन्या नुसत्या कठीण झाल्याने बुद्धी जात नाही. मेंदूत ठिकठिकाणी लहान लहान आघात होऊन तेवढा तेवढा भाग मरतो, तेव्हा ती जाते. पुढे १९९७ साली अमेरिकेतील जोगिणींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीच पुटे असूनही ज्यांच्या मेंदूत असे लहान आघात झाले होते त्यांची स्मृती अधिक ढासळलेली होती. येणेप्रमाणे भाषेने हजार वर्षे वेगळे ठेवलेले ‘वारे’ आणि ‘चळ’ सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी येऊन बसले. २००९ साली पेंडलबरी व रॉथवेल यांनी अनेक अभ्यास एकत्र करून दाखविले की, पहिला आघात होणाऱ्या दहा रोग्यांपैकी सुमारे एकास स्मृतिभ्रंश आधीपासूनच असतो. आणखी एकास तो आघातानंतर लवकरच जडतो. आणि आघात पुन्हा झाला तर हे प्रमाण एक तृतीयांशाच्याही वर जाते.

या दोन्ही विकारांचे मोठे समान मूळ म्हणजे रक्ताचा वाढलेला दाब. तो मोजण्याचे दंडास बांधावयाचे साधन १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची याने काढले. दाब मोजता आला, पण उतरविण्यास खात्रीचे औषध नव्हते. या ठिकाणी आपल्या देशाचा आणि विशेषतः मुंबईचा वाटा अभिमानास्पद आहे. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याची चाल आपल्याकडे होतीच. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर तसेच रक्तदाबावर उपयोगी पडते असे लिहिले. एकच मुळी, दोन विकार! मुंबईच्या के.ई.एम. इस्पितळातील डॉक्टर रुस्तुम जाल वकील यांनी पन्नास रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ साली ब्रिटिश हृदयरोग-नियतकालिकात छापला आणि सर्पगंधा जगभर गेली. १९५२ साली तिच्यातील सत्त्व वेगळे काढण्यात आले. त्या सत्त्वाने काही रोग्यांस खिन्नता येते असे पुढे दिसले व अधिक सौम्य औषधे आल्यावर ते मागे पडले. तथापि रक्तदाब औषधाने ताब्यात ठेवता येतो, हा भरवसा जगास ज्यांनी दिला त्यांत त्या मुळीचे स्थान पहिल्या रांगेत आहे.

आता उपचाराकडे वळावयाचे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील इस्पितळात गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचा छेद प्रथमच कवटी न उघडता पाहण्यात आला. वाहिनी फुटली की तुंबली, हा वेप्फरच्या काळापासूनचा प्रश्न काही मिनिटांत सुटू लागला. म्हणूनच १९९५ साली अमेरिकेत गुठळी विरघळविणारे औषध तीन तासांच्या आत दिल्यास गुण येतो असे सिद्ध होऊ शकले. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ साली बारीक तारेने गुठळीच ओढून काढण्याचा उपाय मान्य झाला. वाहिनी तुंबलेली असता दर मिनिटास मेंदूच्या सुमारे एकोणीस लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब २००६ साली सेव्हर याने मांडला आहे.

याच्या जोडीला एक साधी, गाजावाजा न झालेली सुधारणा झाली, व तिचे मोल औषधाहून कमी नाही. अर्धांगवायूचे रोगी सगळ्या इस्पितळात विखरून न ठेवता एका कक्षात ठेवावेत, तेथील परिचारिका, व्यायाम देणारे व वाचा शिकविणारे यांनी एकत्र काम करावे, पाणी पाजण्यापूर्वी गिळता येते की नाही हे पाहावे, लवकर उठवून बसवावे. १९९३ साली निरनिराळे प्रयोग एकत्र मोजले तेव्हा अशा कक्षात मृत्यू कमी होतात हे दिसून आले. या उपायास किमती यंत्र नको; माणसे हवीत, आणि शिस्त हवी.

परंतु स्मृती गेलेला रोगी या सगळ्या व्यवस्थेत नेमका अडखळतो. औषधाची मुदत ज्या क्षणापासून मोजावयाची तो क्षण त्याला सांगता येत नाही. ‘बोलणे अडखळते आहे का?’ या प्रश्नास घरची माणसे ‘ते नेहमीच असे बोलतात’ म्हणतात. कित्येकदा आघात झाला हेच कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘आज जरा जास्तच चळ आहे’ असे म्हणून दिवस जातो. इस्पितळात पोहोचल्यावर नवी जागा, रात्रीचे दिवे, नाकातील नळी यांनी तो बावरतो, नळी उपसतो, खाटेवरून उतरून घरी निघतो. मग त्याचे हात बांधण्याचा मोह होतो. व्यायाम शिकविणाऱ्यास वाटते, याला काल सांगितलेले आज आठवत नाही, मग वेळ कशास घालवावा? आणि औषधांच्या कसोट्यांत स्मृतिभ्रंशाचे रोगी बहुधा वगळलेलेच असल्याने डॉक्टरांच्या हाती आधारास आकडे थोडे. स्वीडनमध्ये अर्धांगवायूची व स्मृतिभ्रंशाची अशा दोन राष्ट्रीय नोंदवह्या जोडून पाहिल्या तेव्हा कळले की असे रोगी इतरांपेक्षा अधिक मरतात व अधिक परावलंबी होतात. परंतु गुठळी विरघळविणाऱ्या औषधाने त्यांच्या मेंदूत इतरांहून अधिक रक्तस्राव होईल ही जी भीती होती, ती खरी ठरली नाही. म्हणजे केवळ विस्मरण आहे एवढ्यावरून औषध नाकारण्यास आधार उरत नाही. वय, पूर्वीची हिंडण्याफिरण्याची शक्ती, घरच्यांची इच्छा हे सारे पाहावेच लागते. पण पाहून नाकारणे वेगळे आणि न पाहता नाकारणे वेगळे.

आघाताने माणसाच्या शब्दाचे काय होते, हे मोठ्यांच्या बाबतीतही दिसले आहे. २ ऑक्टोबर १९१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांस अर्धांगवायू झाला, तेव्हा त्यांची पत्नी व डॉक्टर यांनी ती गोष्ट जगापासून झाकून ठेवली आणि कागद पत्नीच्या हातूनच आत-बाहेर होऊ लागले. पती काय इच्छितो हे ती सांगे. ते खरोखर त्याचे म्हणणे होते की तिचे, हे कोणी ठरवावे? सामान्य घरात हाच प्रश्न मुलगा, सून व लेक यांच्यात पडतो. फक्त त्यावर ग्रंथ लिहिले जात नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्मृती व भान यांच्या गंभीर बिघाडास आपल्या व्याख्येत घेतले आणि शहाणपण शाबूत असतानाच पुढील उपचारांविषयी लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला. १९१२ च्या कायद्याच्या मानाने हा पालट केवढा मोठा!

आपल्या इस्पितळांस नेहमी नावे ठेवली जातात ती खाटेभोवतीच्या नातेवाइकांच्या गर्दीसाठी. या बाबतीत मात्र विलायतेचा इतिहास उद्बोधक आहे. तेथे भेटीच्या वेळा काटेकोर असत. २०१४ साली जॉन जेरार्ड नावाचे स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध गृहस्थ इस्पितळात पाच आठवडे राहिले. संसर्गाच्या भीतीने आप्तांस त्यांच्याजवळ राहता आले नाही, आणि चालते-बोलते आत गेलेले ते पार खचून बाहेर आले. त्याच वर्षी ते वारल्यावर त्यांच्या मुलीने, लेखिका निकी जेरार्ड हिने, ज्युलिया जोन्स या मैत्रिणीसह चळवळ सुरू केली व अशा रोग्याजवळ त्याच्या माणसास राहू द्यावे ही मागणी इंग्लंडातील इस्पितळांकडून मान्य करून घेतली. कोल्हापूरच्या कक्षात खाटेखाली चटई टाकून झोपणाऱ्या सुनेने किंवा नातवाने जे न मागता मिळविले आहे, त्यासाठी तेथे चळवळ करावी लागली. अर्थात घरच्यांवर सर्व भार टाकून मोकळे होता येत नाही, हेही तितकेच खरे. भारतातील चौदा इस्पितळांतील साडेबाराशे रोग्यांच्या नातेवाइकांस घरी व्यायाम देण्याचे शिक्षण देऊन पाहिले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा की, त्याने रोग्यांच्या स्थितीत फरक पडला नाही. माया आहे तेथे कौशल्य आपोआप येते असे नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार आपल्या देशात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख माणसांस स्मृतिभ्रंश आहे, आणि शहरापेक्षा खेड्यात त्याचे प्रमाण अधिक आहे. गडमुडशिंगीसारख्या गावास इस्पितळ दूर नाही. २०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही आहे. अंतर कमी झाले आहे, वेळ मात्र घरातच जातो. कक्षात डॉक्टर प्रथम तीन गोष्टी विचारतात: माणसास धड अवस्थेत शेवटचे कोणी व केव्हा पाहिले; रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय; आणि काल-परवापर्यंत तो स्वतः काय काय करीत होता. तिसऱ्या प्रश्नास ‘म्हातारचळ लागला आहे’ हे उत्तर पुरत नाही. तो स्वतः जेवत होता, देवळापर्यंत जाऊन येत होता, नातवास नावाने हाक मारीत होता, असे सांगणारे कोणी लागते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा दुपारी घरी असणाऱ्या बाईजवळ असते. म्हशीस वैरण टाकून परत येताना तिने सासऱ्यास ओसरीवर तंबाखू मळताना पाहिले असेल आणि तेव्हा शेजारच्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली असेल, तर डॉक्टर कागदावर तीच वेळ लिहितात आणि साडेचार तास तेथून मोजतात.